आधी कुंपण, मग कोंबडी

परसातल्या कोंबड्यांना पुन्हा चांगले दिवस आले आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी भरली. 2012 पेक्षा ती जवळपास 46 टक्क्यांनी जास्त होती. राज्याचा पशुसंवर्धन विभाग 25 तलंगा आणि 3 नर असा गट निम्म्या अनुदानावर देतो. पण तलंग अंड्यावर येण्याआधीच मुंगसाने किंवा भटक्या कुत्र्याने उचलली, तर अनुदान आणि घरचे पैसे दोन्ही पाण्यात जातात. म्हणून चिंचणी-वाणगाव पट्ट्यातल्या परसात कुंपण आधी उभे राहावे आणि ते घरच्यांनीच, हाताशी असलेल्या सामानातून करावे, असे माझे ठाम मत आहे.

बाजारातून षटकोनी जाळी आणून गुंडाळली की काम झाले, असा समज आहे. ती कोंबडीला आत ठेवते; कुत्र्याला मात्र बाहेर ठेवत नाही, कारण तिची बारीक तार दातांनी तुटते. त्यात चिंचणीचा खारा वारा अशा तारेला लवकर गंजवतो. त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर पांगारा किंवा शेवग्याचे दांडे रोवावेत. ते रुजले की खांब कुजण्या-गंजण्याची चिंता उरत नाही. मधली जागा बांबूच्या कामट्यांनी विणावी. कारवीचा कूड घालणाऱ्या वारली कुटुंबांना हे शिकवावे लागत नाही. पैसे खर्चायचे ते तळाशी. तिथे बारीक चौकोनांची जाड जाळी दोन फूट उंच लावावी आणि तिची फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवून मातीने झाकावी. उकरणारे जनावर कुंपणाच्या पायथ्याशीच उकरते आणि पंजाखाली जाळी लागली की थांबते. घारीसाठी वरून मासेमारीचे जुने जाळे ताणावे. मात्र ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये. सैल धाग्यांत साप अडकून मरतात. मुंगूस आणि रानमांजर चढूही शकतात, त्यामुळे रात्री कोंबड्या कडी लावलेल्या खुराड्यातच हव्यात.

गावठी कोंबडी मोकळी फिरते म्हणूनच ती कमी खर्चात पोसली जाते, तिला कोंडले तर दाण्याचा खर्च परवडणार नाही, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण कुंपण म्हणजे पिंजरा नव्हे. आवाराचे दोन भाग करून कोंबड्या आलटून पालटून सोडल्या, तर एका भागातले गवत आणि किडे पुन्हा वाढतात, खतही जागेवरच पडते. शेजाऱ्याचा मिरचीचा वाफा उकरला जात नाही, हा फायदा वेगळाच. दुसरे म्हणणे असे की सापळा किंवा विषाचे आमिष स्वस्त पडते. मुंगूस आणि रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय विष शेजारच्या गुरा-कुत्र्यांपर्यंतही पोचते. तारेत वीज सोडणे तर माणसाच्या जिवावर बेतते. तिसरा प्रश्न बर्ड फ्लूचा. 2006 मध्ये नवापूर आणि 2022 मध्ये शहापूर तालुक्यातले वेहळोली इथली त्याची साथ आपण पाहिली. कुंपणाने विषाणू अडत नाही, हे मान्यच. पण आपल्या कोंबड्या चारजणांच्या कोंबड्यांत मिसळत नाहीत, रोज मोजल्या जातात आणि एखादी मलूल झाली तर त्याच दिवशी लक्षात येते. साथीच्या काळात हा वेळ मोलाचा असतो.

तेव्हा गटवाटपाच्या दिवशी लाभार्थ्याच्या हाती फक्त पक्षी देऊन थांबू नये. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी पावसाळ्याआधी गावोगाव कुंपणाचे प्रात्यक्षिक घ्यावे आणि तळाच्या जाळीचा खर्च अनुदानात धरावा. आणि ज्यांना कोंबड्या पाळायच्या आहेत त्यांनी तोवर वाट पाहत बसू नये. दांडे रोवायला जूनचा पहिला पाऊस पुरेसा आहे.