बिघाडाची सुरुवात गर्भाशयातच



अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे व्हेंटिलेटरमुळेच बिघडतात, हे मागील अंकातील लेखाचे विधान अर्धेच खरे आहे.

क्रिस्टी वॉटरबर्ग यांच्या १९९६ च्या अभ्यासात गर्भवेष्टनांचा दाह झालेल्या मातांच्या बाळांना सुरुवातीचा श्वसनत्रास कमी, पण दीर्घकालीन फुप्फुसविकार अधिक आढळला. ॲलन जोब यांच्या मेंढ्यांवरील प्रयोगांतून यामागचे कारण उलगडते: गर्भजलात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन सोडल्यावर फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट वाढले, वायुकोश मात्र संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहिले. श्वास लवकर जमतो, पण प्राणवायू शोषणारा पृष्ठभाग तोकडा पडतो. (पुढच्या सर्वच अभ्यासांत हे चित्र इतके स्पष्ट दिसले नाही, हेही नोंदवायला हवे.)

व्हेंटिलेटर निर्दोष नाही. विल्यम नॉर्थवे यांनी ते १९६७ मध्येच दाखवले.

गरोदरपणी ताप आला किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी गेले, तर ते गर्भवेष्टनांच्या दाहाचे लक्षण असू शकते; कुटुंबीयांनी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.