दलदल म्हणजे रिकामी जागा नव्हे

‘दलदल’ हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. दोन्ही भाषांत तो चांगल्या अर्थाने क्वचितच वापरला जातो. दलदलीत पाय रुततो, गाडी फसते, डास होतात. म्हणून दलदल दिसली, की ती बुजवून टाकावी असे आपल्याला वाटते. माझ्या मते हा विचार चुकीचा आहे.

एका हिवाळ्यात आम्ही मालेगावहून नववीच्या मुलांची सहल नांदूरमध्यमेश्वरला नेली. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील हे गाव. तेथे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. मनोऱ्यावरून सगळीकडे पाहून एक मुलगा म्हणाला, “सर, एवढी मोठी जागा रिकामीच ठेवली आहे! इथे किती घरे होतील!” बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. तो मुलगा नऊ माणसांबरोबर एका खोलीत राहतो. त्याचा प्रश्न खरा होता.

मी त्याच्या हाती दुर्बीण दिली. हळूहळू त्याला ‘रिकाम्या’ जागेतील वस्ती दिसू लागली. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंब खुडत होती. चमचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवून किडे व मासे टिपत होता. उघड्या चोचीचा करकोचा चिखलातून गोगलगाई काढत होता. सर्वांचे जेवण वेगळे, पण ताट एकच, ते म्हणजे गाळ आणि उथळ पाणी. चिखलातील किडे संपले, तर मासे आणि बेडूक उपाशी राहतात. ते संपले, की पक्षीही जातात.

गंमत अशी, की ही वस्ती शेतीमुळेच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात, शेतीच्या पाण्यासाठी येथे बंधारा बांधला गेला. पाणी अडले, गाळ साचला, गाळाची बेटे झाली. त्यांवर गवत वाढले आणि पक्षी आले. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. पुढे ते महाराष्ट्रातील पहिले ‘रामसर स्थळ’ ठरले. रामसर हे इराणमधील शहर. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

म्हणजे शेती ही पक्ष्यांची वैरी नाही. पण प्रमाण सुटले, की तीच शेती घातक ठरते. ऊस, द्राक्षे, कांदा यांना घातलेले जादा खत पावसाबरोबर पाण्यात उतरते. शहराचे सांडपाणीही नदीतून वाहत येते. हे खाद्य मिळून जलपर्णी माजते आणि पाण्यावर हिरवे झाकण घालते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. कीटकनाशक तर उपद्रवी कीड आणि बेडकाचे खाद्य यांत भेदच करत नाही.

तरीही शेतीने केलेली हानी बरीचशी भरून काढता येते. खत बेताने वापरता येते, काठावर गवताचा पट्टा राखता येतो. शहराचे तसे नाही. एकदा भराव टाकून इमारत उभी राहिली, की ती पाणथळ जागा परत मिळत नाही. ठाण्याच्या खाडीचेच पाहा. तेथे हजारो गुलाबी रोहित पक्षी भरती-ओहोटीच्या चिखलावर जगतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झाले. पण पक्ष्यांना अभयारण्याची हद्द कशी कळावी? भरतीच्या वेळी खाडीतील चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा ते जवळच्या तळ्यांवर विसावतात. २०२४ मध्ये नवी मुंबईतील नेरूळच्या अशाच एका तळ्यात भरतीचे पाणी येईनासे झाले. तळे सुकले आणि काही रोहित पक्षी मेले. तळ्यावर कोणी इमारत बांधली नव्हती. फक्त पाण्याची वाट बंद झाली होती.

पाण्याची वाट अडवली, तर ते माणसाचीही वाट अडवते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठची दलदल आणि खारफुटी आधीच भरावाखाली गेली होती. जे पाणी तेथे पसरले असते, ते लोकांच्या घरांत शिरले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. माणसाला घर हवेच, आणि ते त्याला मिळायलाच हवे. पण दलदल बुजवून बांधलेल्या घरात पहिल्या मोठ्या पावसात पाणी कोणाच्या उंबऱ्यावर येते? बहुधा त्याच्यासारख्याच गरिबाच्या. म्हणून घरांसाठी जागा शोधताना पाण्याची जागा पाण्यालाच ठेवावी, हे केवळ पक्ष्यांच्या नव्हे, तर आपल्याही हिताचे आहे.

परतताना तो मुलगा बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “सर, ती जागा रिकामी नव्हती. आमच्या खोलीसारखीच भरलेली होती.” मुलांनो, तुमच्या गावाजवळही एखादे डबके, तळे किंवा दलदल असेल. ती बुजवा असे म्हणण्यापूर्वी एकदा तेथे शांतपणे उभे राहा आणि तेथे कोण कोण राहते ते मोजा.