शांततेचा भाव

अनुवादकाला शांतता लागते, ही गोष्ट आमच्या कार्यालयात कोणाच्या गावीही नाही. माझ्या एका बाजूस तेलुगू, दुसऱ्या बाजूस बंगाली. आणि आपले वाक्य कानाला बरे लागते की नाही, हे प्रत्येक जण मोठ्याने म्हणून पाहणार. (मीही पाहते, हे कबूल केले पाहिजे.) त्यात वातानुकूलन यंत्राची दिवसभराची घरघर. तेव्हा गोंगाट नाहीसा करणारे हेडफोन निघाले आहेत, ते एकदा कानाला लावून तरी पाहावे, अशा विचाराने गेल्या रविवारी चिरंजीवांना बरोबर घेऊन दिल्लीतल्या नेहरू प्लेसमधील एका दुकानात गेले.

विक्रेता तरुण मोठा अदबशीर होता. त्याने तो हेडफोन माझ्या कानांवर बसवला, बटण दाबले, आणि दुकानातली सारी घरघर कोणी उशीखाली दाबून धरावी तशी विरून गेली. इतका आवाज आपण सोशीत होतो, हे तो थांबल्यावरच कळले. मात्र त्या तरुणाचे बोलणे बारीक का होईना, ऐकू येतच होते. बाहेरचा एखादा भोंगाही मधूनच आत घुसत होता.

असे का व्हावे? झोपाळा पुढे येत असताना कोणी नेमका तेवढ्याच जोराने उलटा रेटा दिला, तर तो जागीच थांबतो. या यंत्रात तीच युक्ती आहे. त्यातले चिमुकले मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आणि त्याच्या बरोबर उलट अशी ध्वनिलहर कानाशी सोडली जाते. पंख्याची किंवा विमानाची घरघर संथ, एकसुरी. तिला उलटा रेटा देणे सोपे. बोलण्यातले उंच, क्षणोक्षणी बदलणारे ध्वनी मात्र उत्तर तयार होण्यापूर्वीच पुढे निघून जातात. ही कल्पना पाउल ल्युग नावाच्या जर्मन गृहस्थांची. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना १९३६ साली मिळाले. पण ती खऱ्या अर्थाने वापरात आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीत पडून पुढे अमेरिकेस गेलेल्या एका क्रांतिकारकाचे हे चिरंजीव. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना इंजिनाच्या आवाजापुढे कानातले संगीत टिकेना, तेव्हा त्यांनी विमानातच बसून आकडेमोड सुरू केली. तिचे फळ वैमानिकांच्या हाती पडायला १९८९ साल उजाडले आणि तुमच्याआमच्यासारख्यांच्या हाती पडायला २०००.

मग त्या तरुणाने सतार लावली. सतारीत बोलणे पुरते बुडाले. समोर चिरंजीवांचे ओठ हलताना दिसत होते. मी हसून मान डोलावली. हेडफोन काढते तो मुलाच्या चेहऱ्यावर दिवाळी! ‘‘आई, नक्की ना? मलाही घेणार ना? तू हो म्हणालीस!’’

किंमत होती २८ हजार रुपये. एकाचीच. मी हो म्हटले होते खरे.

पण त्याक्षणी मला किमतीपेक्षा ती मान डोलावणेच खुपू लागले, कारण ते माझ्या ओळखीचे होते. आमचे अण्णा रोज जेवताना असेच हसून मान डोलावतात. सातारा सोडून ते आमच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षे झाली. ‘‘चहा ठेवू का?’’ म्हणून विचारावे, तर म्हणतात, ‘‘सहा केव्हाच वाजून गेले.’’ आम्ही हसतो, तेही हसतात. श्रवणयंत्राचा विषय काढला की म्हणतात, ‘‘मला सगळे ऐकू येते. तुम्हीच पुटपुटता.’’ आम्ही याला हट्ट समजत होतो.

वस्तुतः ते खोटे बोलत नव्हते. उतारवयात प्रथम जातात ते उंच स्वर. च, स, त, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात, बायकामुलांचे पातळ आवाज आधी हरवतात. पंख्याची घरघर मात्र शाबूत राहते. बोलणे चालले आहे हे कळते, काय चालले आहे ते कळत नाही. दुकानातले यंत्र घरघर काढून घेत होते आणि शब्द ठेवीत होते. अण्णांच्या वाट्याला नेमके उलटे आले आहे. आणि आम्ही काय करतो, तर स्वयंपाकघरातून, पाठमोरे, पंखा चालू ठेवून ओरडतो. ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात. हरवलेली व्यंजने काही परत येत नाहीत.

हेडफोन घेतला नाही. चिरंजीवांशी वाटाघाटी होऊन प्रकरण एका कॅरम बोर्डावर मिटले. घरी येताच मी पंखा बंद केला, अण्णांच्या समोर मोढा ओढून बसले आणि नेहमीच्या आवाजात, सावकाश विचारले, ‘‘अण्णा, चहा ठेवू का?’’

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. ‘‘ठेव,’’ म्हणाले, ‘‘आले घाल थोडे. आणि पंखा का बंद केलास? उकडते आहे.’’

शनिवारी कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अण्णा अद्याप ‘बघू’ म्हणताहेत.