वयाचा दाखला आणि फाशीचा दोर

जालना-भोकरदन रस्त्यावरील राजूर हे गणपतीचे क्षेत्र म्हणून मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. अंगारकीच्या गर्दीच्या कडेला पाल टाकून राहणारी माणसे मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतात. पालात जन्मलेल्या मुलाचे वय त्याची आई दुष्काळाच्या किंवा यात्रेच्या हिशेबाने सांगते. सरकारला कागद लागतो. या कागदाचा फाशीशी किती निकटचा संबंध आहे, हे जालना जिल्ह्याकडच्याच सहा जणांच्या खटल्याने दाखवून दिले आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळील बेलतगव्हाण येथे एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. गुन्हा अत्यंत निर्घृण होता, याविषयी दुमत नाही. भटक्या-विमुक्त समाजातील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. त्यानंतर, २०१२ मध्ये, त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालील होता, असे चौकशीत ठरले! म्हणजे देशातील तीन न्यायालयांपुढून प्रकरण गेले, पण आरोपीचे वय किती, हा पहिलाच प्रश्न धडपणे विचारला गेला नाही. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर व न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, पण तो धागा तपासात सोडून देण्यात आला होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. जवळजवळ सोळा वर्षांच्या कैदेला भागल्यास ही रक्कम दिवसाला नव्वद रुपयांच्याही आत येते, रोजगार हमीच्या त्या वेळच्या मजुरीच्या निम्म्याहून कमी.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. पुण्यातील १९९४ च्या सात खुनांच्या खटल्यातील एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. तो गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातील शाळेच्या नोंदवहीवरून मार्च २०२३ मध्ये मान्य झाले आणि अठ्ठावीस वर्षांनंतर तो सुटला. वयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडता येतो, ही २००६ च्या दुरुस्तीची देणगी. ती नसती तर नोंदवही असूनही व्यर्थ ठरली असती.

येथे प्रादेशिक मानवाधिकार न्यायालयांचा प्रश्न येतो. युरोपात स्ट्रासबर्ग येथे १९५९ पासून, अमेरिका खंडासाठी सान होसे येथे १९७९ पासून आणि आफ्रिकेसाठी आरुशा येथे अशी न्यायालये आहेत. स्वदेशातील शेवटचे न्यायालय चुकले तर नागरिकाला आणखी एक दार असते. आशियात हे दार नाही. दक्षिण आशियाच्या सार्क संघटनेने ते बांधण्याचा विचारही गंभीरपणे केलेला नाही. इराणसारख्या देशात अल्पवयात केलेल्या गुन्ह्यांसाठी आजही फाशी दिली जाते आणि दाद मागण्यास शेजारचे कोणतेही पीठ नाही. जनता राजवटीत, एप्रिल १९७९ मध्ये, भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. अठरा वर्षांखालील व्यक्तीस देहदंड नाही, हे त्यात स्पष्ट आहे. पण व्यक्तिगत तक्रारीची वाट उघडणारा त्याचा जोडकरार कोणत्याही सरकारने स्वीकारलेला नाही.

परकीय न्यायाधीशांनी आम्हाला का शिकवावे, असा आक्षेप डाव्या गोटातूनही येतो. साम्राज्यशाहीच्या अनुभवानंतर तो समजण्यासारखा असला, तरी सार्वभौमत्व हे जनतेचे आहे, फाशीच्या कोठडीचे नव्हे. अशा न्यायालयांची मर्यादा वेगळीच आहे: निकाल गैरसोयीचा झाला की सरकारे काढता पाय घेतात. फाशीच्या प्रश्नावरूनच त्रिनिदादने १९९८ मध्ये अमेरिकी मानवाधिकार करार सोडण्याची नोटीस दिली. टांझानियाने २०१९ मध्ये नागरिकांचा थेट तक्रारीचा हक्क काढून घेतला, आणि न्यायालय तर त्यांच्याच देशात बसते. तेव्हा आशियाई न्यायालयाची मागणी करावी, पण त्याची वाट पाहत बसू नये.

शिवाय १९९३ च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यातील कलम ३० मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत मानवाधिकार न्यायालयांची तरतूद आहे. प्रत्यक्षात सत्र न्यायालयालाच ते नाव देऊन बहुतेक ठिकाणी काम भागविले जाते. जालन्यात या न्यायालयापुढे आजवर काय आले व काय निकाली निघाले, याची माहिती पक्षाच्या जिल्हा शाखेने मागविली पाहिजे.

आणि राजूर-भोकरदनच्या कार्यकर्त्यांसमोर त्याहून लहान, पण तातडीचे काम आहे. जन्माची नोंद वर्षभरात झाली नाही, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आज या गावी, उद्या त्या गावी जाणाऱ्या कुटुंबाला तेवढे हेलपाटे मजुरी बुडवून परवडत नाहीत. पुढच्या अंगारकीपूर्वी प्रत्येक पालाला भेट देऊन मुलांची यादी करणे, अर्ज भरून देणे, शाळेच्या प्रवेशपत्रात खरी जन्मतारीख लिहवून घेणे, यास दोन कार्यकर्ते आणि एक सायकल पुरेशी आहे.