गळका नळ आणि पापाची कबुली

पापाची कबुली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खोटं बोलणं, चोरी, कुणाचं मन दुखावणं. पण रात्रभर गळत राहिलेला नळ, नाल्यात भिरकावलेली प्लास्टिकची पिशवी, कचऱ्यात गेलेला भात? यांचाही हिशेब मनाशी मांडा, असं कॅथोलिक चर्च आज आपल्या भाविकांना सांगतं.

2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं. त्याचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्तोत्रावरून घेतलं आहे. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण मानणारे हे संत. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केलं.

परिपत्रकाचा गाभा सोपा आहे. पृथ्वी आपल्या मालकीची नाही, आपण तिचे राखणदार आहोत. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला सांगितलं आहे. दर सातव्या वर्षी जमीन न पेरता तिला विसावा द्यावा, असाही नियम बायबलमध्ये आहे.

पण याला पाप का म्हणायचं? कारण निसर्गाची हानी आधी गरिबाच्या दारात पोहोचते. विहीर आटली की पैसेवाला टँकर मागवतो. गरीब घरातली बाई मात्र हंडा घेऊन मैलभर चालते. म्हणजे आपण वाया घालवलेलं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं.

हे विचार भारतात त्याआधीही जगले गेले आहेत. मुंबईच्या उत्तरेला वसई आहे. तिथल्या केळीच्या बागा, भाजीचे मळे, विहिरी प्रसिद्ध. तिथे इमारती वाढू लागल्या, टँकरसाठी जमिनीतलं पाणी उपसलं जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'च्या आंदोलनात पुढे उभे राहिले. धर्मगुरूचं हे काम आहे का, असं तुम्ही विचाराल. पण शेजाऱ्यावर प्रेम करा असं शिकवायचं आणि त्याची विहीर आटताना गप्प बसायचं, हे कसं जमावं? हेच फादर 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही आंदोलन करू शकत नाही. पोपनी सुचवलेल्या गोष्टी अगदी घरातल्या आहेत: लागेल तेवढंच शिजवा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, नको असलेला दिवा बंद करा, प्लास्टिक टाळा, झाड लावा, शक्य तिथे बस किंवा ट्रेनने जा.

झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याकडे एकदा वळून पाहायचं, ही कॅथोलिकांची जुनी सवय. तुमचा धर्म कोणताही असो, आज रात्री तुम्हीही करून पाहा. मुलांनाही जवळ बसवा आणि एकमेकांना एवढंच विचारा: आज आपण काय वाया घालवलं, आणि ते कुणाच्या वाट्याचं होतं?

आणि हो, उठून तो नळही एकदा बघून या.