माळ्यावरचे चिमणराव

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या शेजारच्या घरातली एक जुनी ट्रंक न उघडताच रद्दीवाल्याकडे गेली. तिच्यात जुन्या बोलपटांच्या पुस्तिका होत्या, 'लग्न पहावे करून'चीही एक होती म्हणे. हे कळले दुसऱ्या दिवशी, आजोबांनी ट्रंक मागितली तेव्हा.

'लग्न पहावे करून' हा १९४० सालचा, मास्टर विनायकांचा बोलपट. दामूअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ मध्ये याच जोडीचा 'सरकारी पाहुणे' आला. मूळ लेखक चि. वि. जोशी आपल्या बडोद्यातच पाली शिकवत असत. म्हणजे हा विनोद तसा घरचाच. पण पालकांना चिमणराव म्हटले की दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात, आणि मुलांना बहुधा कोणीच नाही.

अशा विसरलेल्या विनोदी बोलपटांमागे संग्राहक वेड्यासारखे धावतात, त्याला आपण हसतो. मला त्यांचे पटते. त्या काळातल्या बोलपटाची गाणी तबकडीवर उरली, कथासार पुस्तिकेत उरले (तेही बरेचदा 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा' म्हणून अर्धवट सोडलेले!). विनोदाचे तसे नाही. दामूअण्णांचे तिरळे डोळे फोटोत दिसतील, पण वाक्य टाकण्यापूर्वी ते किती थांबत, हे फक्त रिळावरच असते. आणि ते रीळ नायट्रेटचे! चटकन पेटणारे, डब्यातल्या डब्यात कुजणारे. त्यातली चांदी काढून घेण्यासाठीही कितीतरी रिळे वितळवली गेली. पुण्याचे चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर मराठी बोलपट बत्तीस वर्षांचा झाला होता. पुढे २००३ मध्ये पुण्यातच साठवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली. 'संत तुकाराम'सारख्या चित्रपटांची आठवण तरी लोक ठेवतात. हसवणाऱ्यांची कोण ठेवणार?

संग्राहकांशी माझे भांडण एवढेच की, मिळालेली वस्तू ते कुलपात ठेवतात. पुस्तिकेची प्रत काढू दिली तर मूळ पुस्तिकेचे मोल कमी होत नाही.

आपल्या भागातले जुने वाडे एकेक करून पडत आहेत. पालकहो, माळा रिकामा करताना ट्रंक एकदा उघडून पाहा. पुस्तिका, तबकडी, तिकिटाचा तुकडा, काहीही सापडले तर शाळेला देऊन टाका असे म्हणत नाही. दोन दिवस उसने द्या. प्रत काढून आम्ही घरपोच परत करू.