शेवटच्या महिन्याचा पगार

केंद्र सरकारच्या हिशेबाच्या नियमांत एक जुनी तरतूद आहे. नोकरीतला माणूस ज्या दिवशी गेला त्या दिवसाचा पगार पूर्ण द्यायचा. मृत्यू पहाटे झाला की रात्री, हे बघायचं नाही. कुटुंब निवृत्तिवेतन लागतं ते दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे कागदावर एका दिवसाचाही खंड नाही. जवानाच्या घरी मात्र हा खंड महिनोन् महिने चालतो, आणि तेवढ्या काळात घर कशावर चालतं हे कोणी विचारत नाही.

एरवी या स्तंभात शिक्षकांच्या, एसटी कामगारांच्या, पाटबंधारे खात्यातल्या लोकांच्या पेन्शनची रडगाणी असतात. सैन्याचा विषय मी टाळत आलो, कारण त्यावर बोलताना लोकांना फक्त गहिवरायचं असतं. पार्थिव गावात येतं, शाळेच्या मैदानावर मानवंदना होते, पालकमंत्री येतात, सानुग्रह अनुदानाच्या धनादेशाचा फोटो छापून येतो. ती रक्कम गावातल्या पोराटोरालाही पाठ असते. पण त्या जवानाने एक तारखेपासून जाईपर्यंत केलेल्या नोकरीचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे (जास्तीत जास्त ३०० दिवसांचे), एएफपीपी फंडात (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीत) दरमहा कापून घेतलेली रक्कम आणि तिच्यावरचं व्याज, हे सगळं कुठे अडलंय याची चौकशी करायला कोणी मंत्री येत नाही. अनुदान सरकार देतं. पगार सरकार देणं लागतं. त्यासाठी विधवेने अर्जदार का व्हायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायद्यालाही हे मान्य नाही, गंमत अशी. सैनिकांच्या खासगी मालमत्तेच्या विल्हेवाटीसाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. जवान गेला की त्याच्या कमांडिंग ऑफिसरने छावणीतलं त्याचं सामान ताब्यात घ्यायचं, त्याची यादी करायची आणि त्याचा देय पगार व भत्ते स्वतः काढायचे. लष्करी देणी असतील ती भागवायची, उरलेलं हक्कदाराच्या हाती द्यायचं. हीच व्यवस्था इंग्रजांच्या १९११ च्या लष्करी कायद्यातही होती. पगार काढण्याचं काम अधिकाऱ्याचं आहे. घरच्यांनी मागणी करावी, मग बघू, असं त्यात नाही.

आणि यादीचं काम फौज चोख करते. अशी एक यादी मी पाहिली आहे. काळी ट्रंक एक, कुलूप एक, किल्ल्या दोन, स्वेटर, दाढीचं सामान, मोबाइलचा चार्जर, देवाचा फोटो, पोस्टाचं पासबुक. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. चार्जरची नोंद आहे, पण त्या माणसाचं फौजेकडे येणं किती, हे त्या कागदांत कुठेच नव्हतं. ते दुसऱ्या कार्यालयाचं काम!

हे दुसरं कार्यालय म्हणजे पीएओ. शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत प्रत्येकाचं पगाराचं खातं त्याच्या रेजिमेंटच्या पे अकाउंट्स ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. इथवर ठीक, एसटीने जाऊन येता येतं. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. पोरगा कुठल्या दलात भरती झाला यावर त्याच्या आईला किती लांब जावं लागणार हे ठरतं. पत्र येतं ते इंग्रजीत, फार तर हिंदीत. ‘क्रेडिट’, ‘डेबिट’, ‘एफएसए’ असे रकाने. एफएसए म्हणजे अंतिम हिशेब. त्यात डेबिट बॅलन्स निघाला, म्हणजे कधीकाळी जादा दिलेला भत्ता किंवा अर्धवट फिटलेली उचल, तर ती या पैशांतून वळती होते. कशापोटी किती, हे सासऱ्याला कळत नाही, सुनेला कळत नाही, आणि गावातल्या निवृत्त हवालदाराला विचारावं तर तो म्हणतो, ‘माझ्या वेळी असं नव्हतं.’

पण सगळं खापर पीएओवर फोडणं खोटेपणाचं होईल. अर्धी अडवणूक आपल्या घरातूनच सुरू होते, ती नावापासून.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची हौस आहे. माहेरची सुरेखा सासरी सुप्रिया होते. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. नवरा युनिटमध्ये जाऊन लग्न नोंदवतो, तेव्हा परप्रांतीय क्लार्क त्याला ऐकू येईल तसं लिहितो आणि वर आपल्या सवयीने ‘देवी’ नाहीतर ‘बाई’ जोडतो. लष्करात या नोंदीला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. लग्न, मूल, घटस्फोट, सगळं त्यातून रेकॉर्डला चढतं. पार्ट टू झाली नाही तर बायको गावाला माहीत, देवाब्राह्मणांना माहीत, फौजेला माहीत नाही. मग गॅझेट, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, ‘ही आणि ती एकच’ असं ग्रामसेवकाचं पत्र. तोवर पगार खात्यावर पडून.

जी पार्ट टू झाली, तिच्यातही नॉमिनेशन जुनंच असतं. भरती होताना एकोणीस वर्षांच्या पोराने वडिलांचं नाव लिहिलेलं असतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, फॉर्म तसाच. सुट्टीवर आल्यावर मरणाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, आई रागावते. मग वडील नॉमिनी, आणि इथे हिंदू वारसा कायदा आपला तिढा घालतो. त्या कायद्यात विधवा, मुलं, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांचा सारखा वाटा. बाप दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं कोणी हयात असेल तर बापाला काही मिळत नाही. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. तो मालक असतोच असं नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, तेही कालनिर्णयवाल्या साळगावकर कुटुंबातल्या खटल्यात. भिंतीवर ज्यांचं कॅलेंडर आहे त्यांच्या घरातही हा घोळ होतो, तर आपली काय कथा.

२०२४ च्या जुलैत कॅप्टन अंशुमान सिंह यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं आणि त्यानंतर ‘एनओके’चे नियम बदला अशी मागणी त्यांच्या आईवडिलांनी केली. त्यांच्या दुःखाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, पण वाहिन्यांनी जे काही केलं त्याबद्दल आहे. एनओके म्हणजे वाईट बातमी आधी कोणाला कळवायची तो जवळचा नातलग. पैशांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. विमा आणि फंड नॉमिनेशनने जातात, कुटुंब पेन्शन नियमाने आधी पत्नीला. ही पेन्शन मृत्युपत्रानेही फिरवता येत नाही, ती मयताच्या इस्टेटीत धरली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलंय. हे सगळं एका शब्दात कोंबून सून विरुद्ध सासू असा आठवडाभराचा तमाशा झाला. त्यात एकाही अँकरने घरातल्या जवानाचा फॉर्म शेवटचा कधी भरला, हे प्रेक्षकांना विचारलं नाही.

आता अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर घेतलेले जवान. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. कुटुंबाला काय मिळणार यावर वाद पेटला तेव्हा लष्कराने तपशील जाहीर केला. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवानिधी, युद्धहानी निधीतून ८ लाख. त्यात एक ओळ अशी होती, की मृत्यूच्या तारखेपासून चार वर्षांची मुदत संपेपर्यंतचा पगार, १३ लाखांहून अधिक. न केलेल्या नोकरीचा पगार! वरवर पाहता हे उदार वाटतं. युद्धजन्य कारवाईत गेलेल्या नियमित जवानाच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळते, ती अखेरच्या वेतनाइतकी असते आणि आयुष्यभर चालते. अग्निवीराच्या घरी पगार करारासोबत थांबतो. ज्या दिवशी तो जिवंत असता तर घरी परतला असता, त्याच दिवशी. रक्कम मोठी असेल, मी नाकारत नाही. पण हा ठेकेदारीचा हिशेब आहे, आणि तो फौजेला शोभत नाही.

माझी मागणी फारच किरकोळ आहे. पीएओने मृत्यूनंतर तीस दिवसांत, कोणी अर्ज न करता, एका पानाचा हिशेब घरी पाठवावा. कुटुंबाच्या भाषेत. जमेला काय, वजा काय, कोणत्या कागदाअभावी काय अडलंय. सागरच्या कार्यालयाला मराठी येत नसेल तर बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या सोल्जर्स बोर्डांची ती परंपरा सांगतात, आणि ती बोर्डं अशाच घरांसाठी निघाली होती.

तोवर ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरू नये, कितीही अडचण असली तरी; संयुक्त खातं नसेल तर पुढे बँक आणि सख्खे वारस दोघेही तेच उकरून काढतात. आणि सैनिक कल्याणचे कल्याण संघटक तालुक्याला येतील तेव्हा त्यांच्यामार्फत अंतिम हिशेबाची प्रत लेखी मागावी, डेबिटच्या प्रत्येक आकड्याच्या कारणासह. ‘खात्यात जमा झाले’ एवढ्या निरोपावर पोच देऊ नये.